गृहसंगणकातील आभासी स्मृतीची टंचाई : कारणे व उपाय

पौष-माघात तुरीची आवक ऐन भरात असते, आणि कलबुर्गीच्या नेहरू गंजात काय किंवा बीदरच्या गांधी गंजात काय, आडत दुकानातील माणसास मान वर करावयास सवड मिळत नाही. दिवसभराच्या हिशेबपट्ट्या, हमाली-तोलाईच्या नोंदी व पावत्या घरी आणून रात्री संगणकावर चढवावयाच्या, आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी २० तारखेच्या आत वस्तू व सेवा कराचे काम उरकावयाचे, हा क्रम १ जुलै २०१७ पासून आपल्यापैकी पुष्कळांच्या अंगवळणी पडला आहे. अशाच एखाद्या रात्री पडद्यावर एक सूचना उमटते. संगणकाची आभासी स्मृती अपुरी पडत आहे, चालू कामे जतन करून बंद करावीत, असा तिचा आशय असतो. सूचना पुसून काम पुढे रेटले, तर यंत्र जड होते, अक्षरे उमटावयास विलंब लागतो, आणि एखादे वेळी हिशेबाची आज्ञावली अकस्मात बंद पडून नुकतीच केलेली नोंद नाहीशी होते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी हा प्रसंग काही वर्षांपूर्वी घडला. दुरुस्तीस बोलाविलेल्या कारागिराने यंत्राकडे जेमतेम पाच मिनिटे पाहिले आणि हार्ड डिस्क संपूर्ण पुसून सर्व काही नव्याने भरावे लागेल, असा निर्णय दिला. वर्षाच्या खतावणीची दुसरी प्रत आम्ही ठेविलेली नव्हती, हा दोष आमचाच. तथापि घरातील धाकट्या सूनबाईंनी 'डिस्क पुसण्यापूर्वी रोग कोणता ते तरी पाहू या' असे म्हणून यंत्र कारागिराच्या हाती देण्यास नकार दिला, आणि त्यामुळे वर्षाचे हिशेब वाचले. कारण निघाले ते अगदी क्षुल्लक. ते काय होते हे ओघाने पुढे येईलच. परंतु ते समजावयास संगणकाची स्मृती कशी चालते हे थोडे जाणून घ्यावयास हवे, आणि व्यापाऱ्याच्या घरात ते समजणे मुळीच अवघड नाही.

पेढीवर मुनीमजींची गादी असते. गादीपुढील मेजावर चार-सहा वह्या मावतात. हात पुढे केला की वही हाती येते. उरलेल्या वर्षानुवर्षांच्या वह्या मागच्या वखारीत असतात. तेथे जागा भरपूर, पण आणावयास पोऱ्या धाडावा लागतो. संगणकातील 'रॅम' म्हणजे ही गादी आणि हार्ड डिस्क म्हणजे वखार. दोहोंच्या वेगातील अंतर मात्र आपल्या पेढीतील अंतराहून फारच मोठे आहे. रॅममधील मजकूर हाती येण्यास सेकंदाचा सुमारे एक कोट्यंश लागतो. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून तो आणावयास सेकंदाचा सुमारे शतांश लागतो. म्हणजे मेजावरची वही उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर वखारीतली वही येण्यास एक लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेअठ्ठावीस तास लागतील! अलीकडच्या 'एसएसडी' जातीच्या डिस्कमध्ये तबकडी फिरत नाही. तिच्या बाबतीत हेच अंतर सुमारे सतरा मिनिटांवर येते. पोऱ्या चपळ झाला खरा, पण गादीची सर त्यास येत नाही.

मेज भरले आणि नवी वही हवी झाली, तर चतुर मुनीम काय करतो? बराच वेळ न उघडलेली वही वखारीत पाठवितो आणि तिच्या जागी नवी मागवितो. संगणकही हेच करतो. तो स्मृतीचे प्रत्येकी ४,०९६ बाइटांचे तुकडे पाडतो व त्यांस 'पृष्ठ' म्हणतो. उपयोगात नसलेली पृष्ठे डिस्कवरील एका राखीव फाइलमध्ये, म्हणजे 'पेजिंग फाइल'मध्ये नेऊन ठेवतो आणि लागतील तेव्हा परत आणतो. काम करणाऱ्या आज्ञावलीस या ये-जा करण्याची वार्ताही नसते. आपल्यापुढे एकसंध मोठी स्मृती पसरलेली आहे, असे तिला वाटते. या भासावरूनच 'आभासी स्मृती' हे नाव पडले.

ही युक्ती प्रथम इंग्लंडात मँचेस्टर विद्यापीठाच्या 'ॲटलस' नामक संगणकात पूर्णपणे उतरली. ७ डिसेंबर १९६२ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या वेगवान स्मृतीत १६ हजारांच्या आसपास शब्द मावत, आणि फिरत्या ढोलावर ९६ हजारांहून थोडे अधिक. पण आज्ञावली लिहिणाऱ्यास ही दोन्ही भांडारे एकच भासत. त्यापूर्वी कोणता मजकूर केव्हा आत आणावयाचा व केव्हा बाहेर काढावयाचा, हे लिहिणाऱ्यासच ठरवावे लागे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला 'टिफरॅक' १९६० साली कामास लागला. त्याच्या स्मृतीत ४० अंकस्थानांचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे आजच्या भाषेत अवघे १० किलोबाइट. आपल्या घरातील ४ गीगाबाइटचे साधे यंत्र त्याच्या चार लाख पट स्मृती बाळगते आणि तरीही रात्री अकरा वाजता 'पुरत नाही' म्हणून तक्रार करते. त्याचे कारण गादी लहान आहे एवढेच नसून, व्यवहार कसा केला जातो यातही आहे.

येथे हुंडीचा दाखला उपयोगी पडेल. आज्ञावली सुरू होते तेव्हा 'मला पुढे इतकी स्मृती लागेल' अशी मागणी करते. ती सारी स्मृती लगेच वापरली जाते असे नाही. यंत्रणा केवळ वचन देते. हे वचन म्हणजे सकारलेली मुदती हुंडी होय. विंडोज यंत्रणा या बाबतीत जुन्या वळणाच्या सावकारासारखी आहे. गल्ल्यातील रोकड (रॅम) आणि वखारीतील तारण (पेजिंग फाइल) यांची बेरीज जितकी, तितक्याच रकमेच्या हुंड्या ती सकारते. त्यापलीकडे एक पैही नाही. या बेरजेस 'कमिट मर्यादा' म्हणतात. सकारलेल्या हुंड्या मर्यादेच्या जवळ आल्या की पडद्यावर ती सूचना उमटते, आणि मर्यादा गाठली की पुढील हुंडी नाकारली जाते. हुंडी नाकारली गेलेली आज्ञावली पुष्कळदा तेथेच बंद पडते. म्हणूनच कधी कधी गल्ल्यात रोकड शिल्लक दिसत असूनही पत संपलेली असते, आणि 'रॅम तर मोकळी दिसते, मग सूचना का?' असा संभ्रम पडतो. (लिनक्स यंत्रणेची सर्वसाधारण रीत निराळी. सर्व हुंड्या एकाच दिवशी वटावयास येणार नाहीत, या विश्वासावर ती रोकडीहून अधिक सकारते, आणि वेळ आलीच तर एखादी चालती आज्ञावली बंद करून निभावून नेते. आपल्या वडीलधाऱ्यांनी अशा पेढीशी व्यवहार केला असता की नाही, याची शंका वाटते.)

आता आमच्या घरच्या रोगाचे निदान सांगतो. यंत्रात रॅम ४ गीगाबाइट होती. यंत्राचा वेग वाढावा म्हणून कोणीतरी पूर्वी केव्हातरी पेजिंग फाइल ५१२ मेगाबाइटवर बांधून ठेविली होती. म्हणजे एकूण पत साडेचार गीगाबाइटची. हिशेबाची आज्ञावली, विषाणूनाशक, कराच्या संकेतस्थळासाठी उघडलेला ब्राउझर आणि त्याच ब्राउझरमध्ये मुलांनी उघडून ठेविलेल्या तीस-चाळीस खिडक्या (त्या पाहून परिग्रहपरिमाण व्रताची आठवण होते!) यांच्या हुंड्या मिळून ती पत संपत असे. हार्ड डिस्कमध्ये कोणताही बिघाड नव्हता.

आपल्या यंत्राची पत किती हे कोणासही दोन मिनिटांत पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' व त्याखाली 'मेमरी' निवडावे. तेथे 'कमिटेड' या शब्दाखाली दोन आकडे तिरप्या रेघेने विभागलेले दिसतील. पहिला सकारलेल्या हुंड्यांचा, दुसरा मर्यादेचा. पहिला दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास गेला की टंचाई जवळ आली असे समजावे. एकूण रॅम किती हेही त्याच पृष्ठावर दिसते. कोणती आज्ञावली अधिक घेते हे पाहण्यास 'डिटेल्स' या भागात जाऊन स्तंभांच्या शीर्षकावर उजवी कळ दाबावी आणि 'कमिट साइज' हा स्तंभ जोडावा. नेहमी दिसणारा 'मेमरी' हा स्तंभ केवळ गादीवर असलेल्या वह्या मोजतो, हुंड्या मोजत नाही. त्यामुळे खरा ऋणको पुष्कळदा त्यात दडून राहतो.

एखाद्या आज्ञावलीचा हा आकडा सकाळी लहान आणि दिवसभर विशेष काही न करता संध्याकाळी तिप्पट झालेला आढळला, तर तेथे गळती आहे असे जाणावे. ती स्मृती मागते पण परत करीत नाही. अशी आज्ञावली बंद करून पुन्हा उघडावी व तिची नवी आवृत्ती बसवावी. अनोळखी नावाची आज्ञावली मोठा वाटा घेत असेल, तर विषाणू-तपासणी करणे शहाणपणाचे. येथे आणखी एक बारकावा आहे. विंडोज १० पासूनच्या बहुतेक यंत्रांत 'शट डाउन' केल्याने यंत्रणेचा गाभा पूर्णपणे नव्याने सुरू होत नाही; तो जसाच्या तसा डिस्कवर ठेवून दुसऱ्या दिवशी परत उचलला जातो. म्हणून गाभ्यातील किंवा एखाद्या छापयंत्राच्या चालकातील गळती रोज रात्री यंत्र बंद करूनही जात नाही. तिच्यासाठी 'रीस्टार्ट' हीच आज्ञा द्यावी.

पेजिंग फाइलची व्यवस्था पाहावयाची ती अशी. विंडोजची खूण असलेली कळ व 'आर' ही कळ एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत 'सिसडीएम डॉट सीपीएल' हे इंग्रजी अक्षरांत लिहावे. उघडलेल्या पत्रकातील 'ॲडव्हान्स्ड' या भागात 'परफॉर्मन्स'खालील 'सेटिंग्ज', तेथे पुन्हा 'ॲडव्हान्स्ड', आणि मग 'व्हर्च्युअल मेमरी'खालील 'चेंज' असे जावे. सर्वांत वर, सर्व ड्राइव्हांच्या पेजिंग फाइलचा आकार यंत्रणेने आपोआप सांभाळावा, या अर्थाची एक चौकट आहे. तिच्यात खूण असावी. आमच्या यंत्रात ती काढलेली होती. सूनबाईंनी ती पुन्हा केली आणि यंत्र रीस्टार्ट केले, एवढाच सारा इलाज! आकार वाढविल्यास बहुधा रीस्टार्ट लागत नाही, कमी केल्यास लागतो.

रॅमच्या दीडपट फाइल ठेवावी, असा एक नियम विंडोज एक्सपीच्या काळापासून तोंडी चालत आला आहे. त्या यंत्रांत रॅमच मुळी थोडी असे, म्हणून तो नियम शोभला. आज प्रस्तुत लेखकाच्या मते हा आकडा हाताने न घालणेच बरे. विंडोज १० यंत्रणा स्वतः फाइल सांभाळते तेव्हा सकारलेल्या हुंड्या मर्यादेच्या नव्वद टक्क्यांवर पोहोचताच ती फाइल वाढवू लागते, आणि रॅमच्या तिप्पट किंवा ४ गीगाबाइट यांपैकी जे अधिक तेथपर्यंत जाऊ शकते. मात्र ज्या ड्राइव्हवर फाइल आहे त्याच्या एकंदर क्षमतेच्या अष्टमांशाहून साधारणतः मोठी होऊ देत नाही. ४ गीगाबाइट रॅम व १०० गीगाबाइटचा सी-ड्राइव्ह असेल, तर १२ गीगाबाइटपर्यंत वाव मिळतो. अर्थात वखारच पोत्यांनी भरली असेल, तर तारण ठेवावयाचे कोठे? सी-ड्राइव्हवर रिकामी जागा नसेल, तर वरील खूण करूनही लाभ नाही. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' व 'स्टोअरेज' येथे जागा कशाने अडली आहे ते दिसते. आमच्याकडे ती भ्रमणध्वनीवरून उतरविलेल्या विवाहसोहळ्यांच्या आणि प्रवचनांच्या चित्रफितींनी अडली होती, व एकच प्रवचन चार ठिकाणी साठविलेले होते.

स्मृती 'मोकळी' करून देणाऱ्या ज्या आज्ञावल्यांच्या जाहिराती दिसतात, त्यांविषयी स्पष्ट लिहावयास हवे. त्या मेजावरच्या वह्या धडाधड उचलून वखारीकडे लोटतात. मेज रिकामे दिसते, आकडा खाली येतो, मालक संतुष्ट होतो. पण सकारलेल्या हुंड्या जितक्या होत्या तितक्याच राहतात, आणि पुढच्याच क्षणी त्याच वह्या परत मागवाव्या लागतात. पैसे देऊन यंत्र मंद करून घेण्याचा हा प्रकार आहे.

परंतु पेजिंग फाइल मोठी केली म्हणजे सर्व दुःखे मिटली, असेही समजू नये. तिने हुंड्या नाकारल्या जाणे थांबते, वेग मिळत नाही. एकाच वेळी दहा वह्या खरोखरच लागत असतील आणि मेजावर सहाच मावत असतील, तर पोऱ्याची ये-जा अखंड चालते आणि मुनीम लेखणी हाती धरून नुसता बसून राहतो. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली या अवस्थेची मीमांसा केली. चालू कामास ज्या पृष्ठांची क्षणोक्षणी गरज असते तेवढी तरी गादीवर मावलीच पाहिजेत, अन्यथा यंत्र सारा वेळ आणण्या-नेण्यातच घालविते, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे. डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो आहे आणि अक्षर उमटत नाही, अशी अवस्था नित्याची झाली असेल, तर रॅम वाढविण्यास पर्याय नाही. घरगुती हिशेब, ब्राउझर व पत्रव्यवहार यांस ८ गीगाबाइट सहसा पुरते.

रॅम विकत घेण्यापूर्वी मात्र एक चौकशी अवश्य करावी, आणि तिच्या निमित्ताने आपल्याच शास्त्रकारांची एक संज्ञा आठवते. आचार्य वीरसेनांच्या 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' अशी गणिती कल्पना आहे. एखाद्या संख्येचे एकावर येईपर्यंत जितके वेळा निम्मे करता येते, तितके तिचे अर्धच्छेद. आठाचे तीन, सोळाचे चार. १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून ही टीका छापून निघू लागली. वीरसेनांचे शिष्य जिनसेन यांस गुरुस्थानी मानणारा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याची राजधानी मान्यखेट, म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्याच्या सेडम तालुक्यातील मळखेड. संगणकाचा सारा कारभार या अर्धच्छेदांवर चालतो. ३२ बिटांची यंत्रणा म्हणजे स्मृतीतील ठिकाणांच्या पत्त्यास ३२ अर्धच्छेदच उपलब्ध. म्हणून तिला ४,२९,४९,६७,२९६ ठिकाणे, अर्थात ४ गीगाबाइट, एवढीच ओळखता येतात. शिवाय सामान्यतः त्यांपैकी अर्धी यंत्रणेसाठी राखून प्रत्येक आज्ञावलीच्या वाट्यास दोनच गीगाबाइट येतात. अशा विंडोजमध्ये ८ गीगाबाइट रॅम बसविली, तर वरची ४ गीगाबाइट फुकट पडून राहील. 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' व 'अबाउट' येथे यंत्रणा ३२ बिटांची की ६४ बिटांची हे लिहिलेले असते. प्रक्रियक ६४ बिटांचा आणि यंत्रणा ३२ बिटांची, असाही योग जुन्या यंत्रांत आढळतो. मग प्रथम यंत्रणा बदलावी लागते.

रॅमच्या पट्ट्यांच्याही जाती आहेत. डीडीआर३ जातीच्या मोठ्या यंत्रातील पट्टीस २४० टाचा, तर डीडीआर४ च्या पट्टीस २८८ टाचा असतात. खाचही निराळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. लॅपटॉपच्या पट्ट्या आखूड असतात, आणि काही पातळ लॅपटॉपांत त्या मूळ फलकावरच डाखलेल्या असल्याने वाढविताच येत नाहीत. दुकानात जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्यावी, हे उत्तम. रॅमसोबत फिरती तबकडी काढून एसएसडी बसविली, तर वर सांगितलेल्या पावणेअठ्ठावीस तासांची सतरा मिनिटे होतात, आणि जुन्या यंत्रास हा फरक फार जाणवतो.

आपल्या भागात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून एका गैरसमजाचाही उल्लेख करतो. पेजिंग फाइल डिस्कवर असते, तेव्हा वीज गेली तरी तीतील मजकूर राहील, असे काहींस वाटते. तसे होत नाही. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर त्या पृष्ठांचा धनी कोण हे सांगणारी यादी नष्ट झालेली असते, आणि ती पृष्ठे बेवारस ठरतात. जतन केलेली नोंद तेवढीच आपली. टंचाईची सूचना आल्यावर पहिली कृती हीच की, हिशेबाच्या आज्ञावलीत नोंद पुरी करून जतन करावी, तिची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, आणि मगच खिडक्या बंद करणे, यंत्र रीस्टार्ट करणे इत्यादी उपाय करावेत. आम्ही आता दर शनिवारी अशी प्रत घेतो व ती घरी न ठेवता दुकानाच्या तिजोरीत ठेवतो.

आमच्या त्या यंत्रात पुढे आणखी ४ गीगाबाइटची पट्टी बसविली, आणि त्यानंतरच्या तुरीच्या हंगामात ती सूचना पुन्हा दिसली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल संपली, आणि विंडोज ११ ला लागणारी सामग्री त्या जुन्या यंत्रात नाही. सबब बँकेचे व कराचे व्यवहार आम्ही दुसऱ्या यंत्रावर नेले. मागील वर्षांच्या खतावण्या उघडून पाहण्यास ते अजून कामी येते.